महामारीत विद्यार्थी-व्हिसाचे नियम कसे बदलतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या मुलामुलींच्या कागदपत्रांचे काम मी पुण्यात बरीच वर्षे करत आहे. मार्च २०२० पासून पुढची तीन वर्षे जे प्रश्न आम्हाला वेळी-अवेळी विचारले गेले, तेच प्रश्न पालक आजही विचारतात, फरक इतकाच की आता त्यांची सुरुवात "पुन्हा तसे काही झाले तर?" अशी होते. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले अमेरिकेला जातात, त्यामुळे खालील उत्तरांचा भर अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर आहे. इतर देश जिथे वेगळे वागले, तिथे त्यांचा उल्लेख केला आहे.

महामारीत व्हिसाचे नियम स्थगित होतात का?

होत नाहीत. मूळ नियम जागेवरच राहतो आणि तो राबवणारे खाते त्यावर तात्पुरती सवलत जाहीर करते. ही सवलत कोणासाठी आहे, कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि कोणत्या अटीवर आहे, हे तीन मुद्दे त्या परिपत्रकात लिहिलेले असतात. कोविडच्या काळात ज्या मुलांचे नुकसान झाले, त्यांतल्या बहुतेकांनी "सध्या सगळे चालते" हे ऐकीव वाक्य प्रमाण मानले होते आणि या तीन मुद्द्यांपैकी एखादा वाचायचा राहून गेला होता. विशेषतः "कोणासाठी" हा पहिला मुद्दा. जवळजवळ प्रत्येक देशाने आधीच दाखल झालेल्या विद्यार्थ्याला सांभाळून घेतले आणि नव्याने येऊ पाहणाऱ्याला दाराबाहेर थांबवले. पुढची अनेक उत्तरे या एका गोष्टीभोवती फिरतात.

व्हिसा कार्यालये बंद झाली तेव्हा प्रत्यक्षात काय झाले?

भारतातील अमेरिकी दूतावास आणि वाणिज्य दूतावासांनी मार्च २०२० च्या मध्यापासून ठरलेल्या मुलाखती रद्द केल्या आणि २० मार्चला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जगभरातील नेहमीच्या व्हिसा सेवा थांबवल्या. तातडीची प्रकरणे तेवढी घेतली जात होती. जुलै २०२० पासून सेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, पण कोणत्या शहरात कधी, हे तिथल्या साथीच्या स्थितीवर अवलंबून होते. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत भारतातील नेहमीचे काम पुन्हा थांबले आणि जूनच्या मध्यास विद्यार्थ्यांसाठी मुलाखतींच्या तारखा खुल्या झाल्या. ऑगस्टमध्ये सत्र सुरू होणाऱ्या मुलाला जूनच्या मध्यापर्यंत तारीखच नसणे म्हणजे काय, हे ज्या घरांनी अनुभवले त्यांना सांगायला नको. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख मिळावी म्हणून कोल्हापूर-नांदेडची मुले पहाटे अलार्म लावून संकेतस्थळ उघडत असत.

भरलेले व्हिसा शुल्क बुडाले का?

नाही. हे शुल्क एरवी वर्षभरच चालते. कार्यालये बंद असल्यामुळे ज्यांना मुलाखत देता आली नाही, त्यांच्या शुल्काची मुदत वाढवत नेली आणि शेवटी ती ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत आली. पावती मात्र जपून ठेवावी लागली.

मुलगा अमेरिकेत आहे आणि पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपली. त्याचा मुक्काम बेकायदेशीर होतो का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला, आणि तोही रडवेल्या आवाजात. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा ही देशाच्या दारापर्यंत येण्याची परवानगी असते. आत आल्यावर किती काळ राहायचे, हे आय-९४ या प्रवेश-नोंदीवर ठरते. एफ-१ विद्यार्थ्याच्या आय-९४ वर तेव्हा ठरावीक तारखेऐवजी "डी/एस" ही अक्षरे असत. त्यांचा अर्थ, विद्यार्थी म्हणून दर्जा टिकून आहे तोवर मुक्काम वैध. म्हणून आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या प्रवेश-प्रमाणपत्रावरील मुदत शिल्लक असेल, प्रवेश पूर्णवेळ असेल आणि सेविस या सरकारी प्रणालीतली नोंद सक्रिय असेल, तर संपलेल्या व्हिसामुळे देशात राहण्याला बाधा येत नव्हती. अडचण यायची ती देशाबाहेर पडल्यावर, कारण परतण्यासाठी नवा व्हिसा लागे आणि कार्यालये तर बंद होती. २०२० च्या उन्हाळ्यात घरी येण्याची इच्छा असूनही अनेक मुले तिकडेच थांबली, त्याचे कारण हे होते.

ऑनलाइन वर्गांचा विद्यार्थी-दर्जाशी काय संबंध?

एरवीचा नियम कडक आहे. एफ-१ विद्यार्थ्याच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमात एका सत्रामागे एकच ऑनलाइन विषय, म्हणजे तीन क्रेडिट, मोजले जातात. पदवीच्या विद्यार्थ्याला सामान्यतः बारा क्रेडिट घ्यावे लागतात, त्यामुळे उरलेले नऊ क्रेडिट वर्गात बसूनच पुरे करावे लागतात. मार्च २०२० मध्ये विद्यापीठांनी एका आठवड्यात सगळे शिक्षण पडद्यावर नेले, आणि हा नियम तसाच राहिला असता तर लाखो विद्यार्थ्यांचा दर्जा त्यांच्या कोणत्याही चुकीविना गेला असता. सेविस सांभाळणाऱ्या सरकारी विभागाने, म्हणजे विद्यार्थी आणि आगंतुक विनिमय कार्यक्रमाने, ९ आणि १३ मार्चला सूचना काढून ऑनलाइन विषय पूर्ण मोजण्याची मुभा दिली. विद्यार्थी अमेरिकेतल्या खोलीत बसून शिको अथवा साताऱ्याच्या घरात, त्याची सेविस नोंद सक्रिय राहणार होती. पाच महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास नोंद बंद होते, हा नियमही या विद्यार्थ्यांना लावला गेला नाही. विद्यापीठाने मात्र आपली बदललेली पद्धत दहा दिवसांत कळवायची होती.

ही सवलत ९ मार्च २०२० रोजी ज्यांची नोंद सक्रिय होती त्यांच्यासाठी होती. ही तारीख लक्षात ठेवावी. पुढच्या तीन वर्षांत तिने कित्येकांचे भवितव्य ठरवले.

जुलै २०२० मध्ये "विद्यार्थ्यांना देश सोडावा लागणार" अशी बातमी आली होती. ती खरी होती का?

खरी होती, पण आठवडाभरच. ६ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या स्थलांतर व सीमाशुल्क अंमलबजावणी खात्याने जाहीर केले की येत्या सत्रात ज्या संस्था पूर्णपणे ऑनलाइन शिकवतील, त्यांच्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. त्यांनी निघून जावे किंवा प्रत्यक्ष वर्ग भरवणाऱ्या संस्थेत बदली घ्यावी. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी ८ जुलैला बोस्टनच्या संघीय न्यायालयात दावा लावला, पाठोपाठ अनेक राज्यांनीही न्यायालय गाठले. विद्यापीठांचे म्हणणे सरळ होते: मार्चमधील सवलतीवर विसंबून आम्ही पुढच्या सत्राची आखणी केली, आणि ती सवलत काढताना सरकारने ना कारण दिले, ना विद्यार्थ्यांच्या परिस्थितीचा विचार केला. १४ जुलैला न्यायमूर्ती ॲलिसन बरोज यांनी काही मिनिटांच्या सुनावणीत सांगितले की सरकारने आदेश मागे घेण्याचे मान्य केले आहे आणि मार्चची स्थिती पुन्हा लागू होत आहे.

त्या आठ दिवसांत घाईने तिकिटे काढून परत आलेली मुले होती. तोवर विमानेही मोजकीच होती. भारताने २३ मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे बंद ठेवली होती आणि येणे-जाणे अडकलेल्यांसाठी सरकारने चालवलेल्या वंदे भारत मोहिमेच्या विमानांवर चालले होते. महामारीत काढलेला आदेश कठोर असला तरी त्याच्या अंमलबजावणीची तारीख येईपर्यंत विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाशी बोलल्याशिवाय परतीचे पाऊल उचलू नये, हे मी तेव्हापासून प्रत्येक घरी सांगते.

माझ्या मुलीला २०२० मध्ये नवा प्रवेश मिळाला होता, तरी तिला जाता आले नाही. जुन्या विद्यार्थ्यांना मुभा आणि तिला नाही, असे का?

वर सांगितलेल्या तारखेमुळे. १४ जुलैला सगळे पूर्ववत झाले असा समज झाला, परंतु २४ जुलैला स्पष्टीकरण आले की ९ मार्चनंतर प्रथमच प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी अमेरिकेत येता येणार नाही. निदान काही शिक्षण प्रत्यक्ष वर्गात असणे आवश्यक होते. ज्या विद्यापीठांनी मिश्र पद्धत ठेवली त्यांचे विद्यार्थी, व्हिसा मिळाला असल्यास, गेले. बाकीच्यांपुढे सत्र पुढे ढकलणे किंवा घरून सुरुवात करणे हे दोनच मार्ग उरले.

घरून सुरुवात केलेल्या सांगलीच्या एका विद्यार्थिनीचे वेळापत्रक माझ्याकडे अजून आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या तिच्या विद्यापीठात दुपारी दोनला भरणारा वर्ग तिच्या घरी रात्री साडेअकराला सुरू होई, आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे तासभर मागे गेल्यावर तोच वर्ग साडेबाराला गेला. घरचे झोपत असत, ती स्वयंपाकघरात ओट्याला लॅपटॉप टेकवून बसे, कारण राउटर तिथे होता. तिचे क्रेडिट विद्यापीठाने धरले. एफ-१ दर्जा मात्र देशात पाऊल ठेवल्यावरच सुरू होतो, म्हणून ती प्रत्यक्ष गेली तेव्हा व्हिसाच्या लेखी ती नवीच विद्यार्थिनी होती. हा फरक आधी समजावून घेतला असता तर निम्मा मनस्ताप टळला असता, असे ती म्हणाली आणि ते मला आजही लागते.

आय-२० कागदावरच लागते का?

मार्च २०२० पर्यंत शाईच्या सहीची मूळ प्रत कुरियरने येत असे. साथीत ती ईमेलने, डिजिटल सहीसह पाठवण्याची परवानगी मिळाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ती कायमस्वरूपी धोरणात आली. महामारीतून टिकलेल्या सुधारणांपैकी ही सर्वांत उपयोगाची. विद्यार्थ्याने ती छापून त्यावर स्वतःची सही करायची असते.

२०२१ मध्ये भारतातून अमेरिकेत जाण्यावर बंदी होती, तरी विद्यार्थी गेले. ते कसे?

४ मे २०२१ पासून, त्याआधीच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या आणि अमेरिकेचे नागरिक किंवा स्थायी रहिवासी नसलेल्या बहुतेक व्यक्तींना प्रवेशबंदी झाली. विद्यार्थ्यांसाठी त्यात "राष्ट्रीय हित" या कारणाने अपवाद होता: ज्यांचा अभ्यासक्रम १ ऑगस्ट २०२१ किंवा त्यानंतर सुरू होणार होता, त्यांना वैध व्हिसावर जाता येत होते आणि त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नव्हता. अट एवढीच की सत्र सुरू होण्याच्या ३० दिवसांहून आधी पोहोचायचे नाही. ही अट न वाचल्यामुळे आधीची तिकिटे काढलेल्यांना ती बदलावी लागली. शिवाय निघण्यापूर्वी तीन दिवसांच्या आतील कोविड चाचणीचा निगेटिव्ह अहवाल जानेवारी २०२१ पासून सक्तीचा होता; ती सक्ती जून २०२२ मध्ये उठली. प्रवेशबंदी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी उठली आणि तिच्या जागी लसीकरणाची अट आली.

लसीचा आणि व्हिसाचा घोळ नेमका काय होता?

व्हिसा एक खाते देते, देशात प्रवेशाचे आरोग्य-नियम दुसरे खाते ठरवते आणि वसतिगृहात राहण्याच्या अटी विद्यापीठ ठरवते. लसीबाबत या तिघांचे निकष काही काळ वेगवेगळे होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली कोविशील्ड जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत फेब्रुवारी २०२१ मध्येच आली होती, कोव्हॅक्सिनला मात्र ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले. त्यामुळे ऑगस्टमध्ये कोव्हॅक्सिन घेऊन गेलेल्या अनेकांना अमेरिकी विद्यापीठांनी पुन्हा लस घ्यायला सांगितले.

कोविशील्डच्या दोन मात्रांत तेव्हा ८४ दिवसांचे अंतर होते. मेमध्ये पहिली मात्रा मिळालेल्या विद्यार्थ्याला ते परवडणारे नव्हते, म्हणून केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा दिली. ही सोय ३१ ऑगस्टपर्यंत प्रवास करणाऱ्यांसाठी होती. मुंबई महापालिकेने कस्तुरबा, कूपर आणि राजावाडी रुग्णालयांत अशा विद्यार्थ्यांना पूर्वनोंदणीशिवाय लस दिली, त्यासाठी प्रवेशपत्र आणि व्हिसाची कागदपत्रे दाखवावी लागत.

ब्रिटनचा वाद वेगळा होता. तिथे कोविशील्ड ही लस मान्य झाली, तरी भारतात लस घेतलेल्यांना लसीकरण झालेले मानायचे नाही अशी स्थिती होती. भारताने ४ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटिश प्रवाशांना दहा दिवसांचे विलगीकरण लावले आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने कोविशील्ड घेतलेल्या भारतीयांवरची विलगीकरणाची अट काढली. याच सुमारास कोविनच्या प्रमाणपत्रावर नुसत्या वयाऐवजी पूर्ण जन्मतारीख येऊ लागली. आमच्याकडे तेव्हा प्रत्येक प्रमाणपत्र पासपोर्टशेजारी ठेवून अक्षरशः बोट फिरवून तपासले जाई: नावातील वडिलांचे नाव, आडनावाचे स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक. मराठी नावांत मधले नाव कधी पासपोर्टवर असते, आधारवर नसते, आणि कोविनवर आधारचेच नाव गेलेले असते. विमानतळावर अडवले जाण्याचे ते नेहमीचे कारण होते.

मुलाखतीशिवाय व्हिसा मिळण्याची सोय अजून आहे का?

विद्यार्थ्यांसाठी जवळजवळ नाही. ज्याला बोलीभाषेत ड्रॉपबॉक्स म्हणतात, ती मुलाखत-माफी साथीआधी नूतनीकरणापुरती आणि जुना व्हिसा संपून बारा महिन्यांच्या आत असेल तरच होती. ऑगस्ट २०२० मध्ये ती मुदत २४ महिने, मार्च २०२१ मध्ये ४८ महिने झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये, पूर्वी कोणताही अमेरिकी व्हिसा मिळालेल्या विद्यार्थ्यांनाही मुलाखत माफ करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. कार्यालयांवरचा साचलेला भार उतरला तो बराचसा यामुळे. २ सप्टेंबर २०२५ पासून मात्र बहुतेक अर्जदारांना पुन्हा प्रत्यक्ष मुलाखत द्यावी लागते, म्हणून "दादाला ड्रॉपबॉक्सने मिळाला होता" या आधारावर धाकट्याचे वेळापत्रक आखू नये.

पदवीनंतरच्या कामाच्या परवानगीत सवलत मिळाली का?

थोडी. ऐच्छिक व्यावहारिक प्रशिक्षणावर (ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी निगडित कामाची तात्पुरती परवानगी) असलेल्यांना घरून काम करता आले आणि साथीमुळे आठवड्याचे तास वीसच्या खाली गेले तरी ते कामावर असल्याचे धरले गेले. परंतु त्या परवानगीचा अर्ज अमेरिकेत राहूनच करायचा, ही अट सुटली नाही. शेवटचे सत्र भारतातून संपवलेल्या काहींची संधी इथेच हुकली.

ब्रिटन आणि कॅनडा यांनी काय केले?

ब्रिटनने अडकलेल्यांचे व्हिसा आधी ३१ मे आणि मग ३१ जुलै २०२० पर्यंत वाढवले. १ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ग्रॅज्युएट रूटसाठी (पदवीनंतर ब्रिटनमध्ये राहून काम करण्याचा व्हिसा) एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा काळ ब्रिटनमध्ये घालवणे आवश्यक होते; घरून शिकणाऱ्यांना पोहोचण्याची अंतिम तारीख ६ एप्रिल, मग २१ जून आणि शेवटी २७ सप्टेंबर २०२१ अशी पुढे सरकत गेली. शेवटची वाढ आमच्या मुलांना तारणारी ठरली, कारण २३ एप्रिल ते ८ ऑगस्ट २०२१ या काळात भारत तिथल्या लाल यादीत, म्हणजे साथीचा धोका जास्त असलेल्या देशांत, होता आणि जाणाऱ्यांना विलगीकरणासाठी दहा दिवसांच्या हॉटेलचे १,७५० पौंड मोजावे लागत.

कॅनडाने घरून केलेला ऑनलाइन अभ्यास पदवीनंतरच्या कामाच्या परवान्यासाठी धरला, ही उदार सवलत होती. मात्र २२ एप्रिल ते २६ सप्टेंबर २०२१ भारतातून थेट विमाने बंद होती आणि चाचणीचा अहवाल तिसऱ्या देशातूनच लागत असे, त्यामुळे मालदीव किंवा मेक्सिकोमार्गे जाण्याचा खर्च कित्येक पालकांनी कर्ज वाढवून केला.

चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांचे काय झाले?

सर्वांत वाईट अवस्था त्यांची झाली. चीनने २८ मार्च २०२० रोजी विद्यमान व्हिसांवरचा प्रवेश थांबवला आणि भारतीय विद्यार्थ्यांना नव्याने व्हिसा मिळू लागले ते ऑगस्ट २०२२ मध्ये. इथे व्हिसाच्या जोडीला मान्यतेचा प्रश्न होता. भारताचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग केवळ ऑनलाइन झालेले वैद्यकीय शिक्षण मान्य करत नाही; रुग्णाला हात न लावता डॉक्टर होता येत नाही, ही त्यामागची भूमिका मला योग्यच वाटते. जुलै २०२२ मध्ये आयोगाने, ३० जून २०२२ पर्यंत पदवी पूर्ण झालेल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना परदेशी वैद्यकीय पदवीधरांच्या भारतातील पात्रता-परीक्षेला बसू दिले आणि एकाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता लावली. त्याखालच्या वर्षांतल्या मुलांना ही सोय नव्हती.

पुण्यात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना भारताने कसे वागवले?

भारताने १३ मार्च २०२० पासून बहुतेक व्हिसा निलंबित केले, परंतु देशात असलेल्या परदेशी व्यक्तींचे व्हिसा वैध राहिले आणि परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ई-एफआरआरओ या ऑनलाइन सेवेमार्फत मुदतवाढ मिळत गेली. जून २०२१ मध्ये तर अर्ज न करताही अडकलेल्यांचा मुक्काम दंडाशिवाय ३१ ऑगस्टपर्यंत आणि नंतर ३० सप्टेंबरपर्यंत वैध मानला गेला. बाहेर राहिलेल्यांचे विद्यार्थी-व्हिसा ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा चालू झाले.

पुन्हा अशी वेळ आल्यास कोणते कागद जपावेत?

कोविडच्या सवलती अमेरिकेत ११ मे २०२३ रोजी संपल्या; तोवर चालू असलेले शैक्षणिक वर्ष तेवढे पुरे करू दिले गेले. त्यानंतर व्हिसा नूतनीकरणाच्या वेळी अधिकारी २०२०-२१ च्या गुणपत्रिकेवर बोट ठेवून "या सत्रात तुम्ही कुठे होतात?" असे विचारू लागले, आणि तोंडी उत्तर पुरेसे ठरेना. म्हणून प्रत्येक सत्राची आय-२० ठेवावी, जुनी रद्द झाली तरी. आय-९४ ची प्रत ठेवावी. सत्र ऑनलाइन होते हे सांगणारे विद्यापीठाचे पत्र तेव्हाच मागून घ्यावे. दोन वर्षांनी ते देणारा अधिकारी त्या खुर्चीत नसतो. ज्या सवलतीवर आपण थांबलो किंवा घरून शिकलो, ते परिपत्रक संकेतस्थळाचा पत्ता आणि तारीख दिसेल अशा रीतीने छापून घ्यावे, कारण संकेतस्थळावरील मजकूर बदलतो. सांगलीच्या त्या मुलीच्या फाइलमध्ये अशी अकरा पाने होती, आणि २०२३ मध्ये मुलाखतीच्या खिडकीवर तिला त्यांतली दोन दाखवावी लागली.